न उचललेला भंडारा

बाळासोंचा देवावर विश्वास नव्हता आणि त्याला काही कारणही नव्हतं. हिंगणखिंडीतल्या लोकांना पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीचा त्रास जास्त व्हायचा. घरातलं कुणी अवेळी गेलं, नवस फळला नाही, कोर्टातली जमीन हातची गेली आणि माणूस देवावर रुसला, तर ते गावाला समजत होतं. रुसलेला माणूस कधीतरी परत येतो. बाळासो रुसलेच नव्हते. चौतीस वर्षं वायरमनची नोकरी करून ते सुखरूप निवृत्त झाले होते. मुलगी चांगल्या घरी पडली होती, तीस गुंठे ऊस होता, साखर नव्हती, बीपी नव्हतं.

"मग नक्की झालं तरी काय?" असं कुणी खोदून विचारलं की ते कानामागं खाजवत म्हणायचे, "काय न्हाई. लहानपणापास्नं बघतोय. येतच न्हाई."

"येत न्हाई म्हंजे? शीळ हाय व्हय ती?"

"तसंच कायतरी. काहींना शीळ येत न्हाई बघा. व्हट तेच, वारं तेच, पर वाजत न्हाई."

त्यांचे वडील कोयनानगरला वीज प्रकल्पावर मजूर होते. बाळासोंचं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं. पाण्यातून उजेड निघतो आणि तारांवरून डोंगर ओलांडून जातो, हे त्यांनी कळायला लागल्यापासून पाहिलेलं. पुढं सांगलीला आयटीआय केलं आणि खांबावर चढले ते निवृत्तीलाच उतरले. मध्ये एकदा, चौऱ्याण्णव साली, न विचारता उतरले होते. चालू लाईनचा झटका बसून ते उसात फेकले गेले. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर उशाशी बसलेली बायको, शालन, रडत म्हणाली, "देवानं वाचीवलं वं तुमाला."

बाळासो अजून पुरते शुद्धीवर नसावेत. ते म्हणाले, "रबरी बूट हुतं."

शालनबाई पालीच्या खंडोबाला नवस फेडून आल्या. कुणाचंही ऋण राहू नये म्हणून त्यांनी त्या बुटांनाही हळदकुंकू वाहिलं. गावानं मात्र झटक्याचं प्रकरण आपल्या पद्धतीनं लावून घेतलं. बाळासोंच्या डोक्यातली देवाची तार तेव्हा जळाली, असं कोणी पाहुण्याला सांगितलं की पाहुण्याचं समाधान व्हायचं. निदान कारण तरी मिळायचं.

बाकी त्यांचा कुणाला त्रास नव्हता. ते भाषण करत नसत, पूजेच्या घरी नाक मुरडत नसत. यात्रेला खंडोबाच्या देवळाची रोषणाई तेच फुकट करून द्यायचे, प्रसादाचा भात दोनदा मागून घ्यायचे. फक्त हात जोडायचे नाहीत. "जोडलं की कुणीतरी फोटो काढाय उभं केल्यागत वाटतंय," असं ते म्हणत. नास्तिक म्हटलेलंही त्यांना आवडत नसे. "तो लय शिकल्याला शब्द हाय. मी धावी अधिक आयटीआय."

असं सगळं बरं चाललं होतं आणि यात्रा तीन आठवड्यांवर असताना, एका गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला, गावाचा डीपी उडाला.

गावाला वीज देणारा तो ट्रान्सफॉर्मर देवळाच्या मागं होता. मोठा आवाज झाला, काळा धूर निघाला, आणि पंखे, मोटारी, पिठाची गिरणी सगळं एकदम गप्प झालं. लोक धावले तेव्हा तारेखाली एक वायर पडलेली दिसली. तिचं टोक वाकवलेलं होतं. कुणीतरी तारेवर आकडा टाकून चोरून वीज घेत होतं आणि त्या लोडनं डीपी गेला होता. आकडा जिथं पडला होता तिथून वीस पावलांवर बशीरभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं.

दुकानाची जागा देवस्थानची. बशीरभाईंचे वडील तिथंच भाता चालवायचे, देवळाच्या दरवाजाचे खिळे आजोबांनी ठोकलेले. पण मार्चचं ऊन, उसाला पाणी नाही, नवा डीपी यायला दहा दिवस लागतील असं कळलेलं, अशा वेळी लोकांना खिळे आठवत नाहीत. वेल्डिंगला लोड लागतो एवढंच आठवतं. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब म्हणाले, "यात्रेच्या तोंडावर देवाच्या दारात अंधार केला. जागा मोकळी करून द्यावी त्यानं."

त्या दुपारी बशीरभाईंच्या दुकानात दुसरं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे बाळासो. निवृत्तीनंतर दुपारचा चहा त्यांचा तिथंच असायचा. वेल्डिंगच्या कांड्या संपल्या म्हणून मशीन सकाळपासून बंद होतं. बशीरभाई इस्लामपूरहून येणाऱ्या कांड्यांची वाट बघत एका फाटकाची मापं घेत होते आणि बाळासो टेपचं दुसरं टोक धरून बसले होते. डीपी उडाला तेव्हा टेप त्यांच्या हातात होता. आवाजानं त्यांनी तो सोडला आणि तो सर्रकन जाऊन बशीरभाईंच्या बोटाला लागला. बोटावर अजून पट्टी होती.

रविवारी सकाळी देवळात बैठक बसली. बाळासोंनी हे सगळं, बोटासकट, सांगितलं.

"तोंडी नगं," लालासाहेब म्हणाले. "दोस्तासाठी मानूस कायबी बोलतंय. भंडारा उचल आन् बोल."

हिंगणखिंडीत बांधाचा तंटा असो की भावकीतला, शेवटी तो त्या पितळी ताटाशी येऊन थांबायचा. ताटात हळदीचा भंडारा, वर बेलाचं पान. उजव्या हाताच्या चिमटीनं उचलायचा, कपाळाला लावायचा आणि बोलायचं. त्यावर पुन्हा कुणी शंका घेत नसे.

अमृत गुरवानं ताट पुढं केलं. बाळासोंनी ताटाकडं बघितलं, मग अमृतकडं.

"मी मानत न्हाई हे तुमा सगळ्यांना म्हाईत हाय. मग मी उचलून काय उपेग?"

"म्हंजे तू उचलत न्हाईस?" लालासाहेबांनी विचारलं.

"उचलला तर ते फसवणं हुईल आबा. बोलणं खरं आन् उचलणं खोटं."

सभामंडपात गलका झाला. कोणी म्हणालं, घाबरला. कोणी म्हणालं, म्हणजे मशीन चालूच होतं. बशीरभाईंनी स्वतः उचलतो म्हणून हात पुढं केला, तर त्यांना खंडोबा लागू होतो की नाही यावर वाद सुरू झाला. "माज्या आज्यानं दार बसवलंय देवाचं," बशीरभाई कळवळून म्हणाले, "मला लागू न्हाई तर कुणाला लागू?" पण आरोपीचा भंडारा धरत नाहीत, साक्षीदाराचा धरतात, असं अमृतनं सांगितलं आणि सगळे पुन्हा बाळासोंकडं वळले.

शेवटी लालासाहेब म्हणाले, "आठ दिवस देतो. पुढच्या ऐतवारी या. तवर इश्वास ठेवायचा का न्हाई, ते ठरवून ये."

घरी येताच शालनबाईंनी कमरेला पदर खोचला. "इतकी वर्षं मी काय म्हटलं न्हाई. आता बशीरभावजींच्या पोटाचा प्रश्न हाय. आठ दिवस हायत. ठेवा इश्वास."

"कुठं ठेवू?" बाळासोंनी विचारलं. टवाळी करायची नव्हती, त्यांना खरंच अडचण होती. "तू हवा असला की ठेवतीस आन् नको असला की काढतीस व्हय?"

"माजा हायच. मला ठेवाय लागत न्हाई."

"तेच म्हणतोय मी. माजा न्हाईच. मग काढू कुठनं?"

पण बशीरभाईंसाठी त्यांनी प्रयत्न केला, आणि मनापासून केला. पहाटे गार पाण्यानं आंघोळ. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोर पाट टाकून मांडी घालायची. डोळे मिटून, शालननं सांगितलेलं नाव घ्यायचं. सोमवारी त्यांना झोप लागली. मंगळवारी झोप लागली नाही, पण देव्हाऱ्यावर लावलेल्या छोट्या बल्बच्या होल्डरचा स्क्रू ढिला असल्याचं दिसलं. वीज नसल्यानं दुरुस्त करायला हीच वेळ बरी होती. बुधवारी शालनबाई चहा घेऊन आल्या तर देव घंगाळात बसलेले, आणि बाळासो देव्हाऱ्याच्या पाठीत स्क्रूड्रायव्हर घालून नवी वायर ओढत होते.

"आवं हे काय?"

"जुनी वायर उंदरानं कुरतडलीया. कवाबी जाळ झाला असता. तुजा देव वाचला म्हणायचं."

"कुणी वाचीवला?" शालनबाईंनी आशेनं विचारलं.

"मीच की."

गुरुवारी त्यांनी पद्धत बदलली. समजा देव आहे, असं धरून चालायचं ठरवलं. तासभर धरून चालले. गोठ्यात गेले, ओढ्यापर्यंत जाऊन आले. चिंचेखाली सावली होती, कोवळी पानं हलत होती, पाण्यावर उन्हाचे तुकडे इकडं तिकडं होत होते, आणि ते सगळं इतकं चांगलं होतं की बाळासो बराच वेळ उभे राहिले. पण ते चांगलं होतं एवढंच. त्याच्या मागं कोणी आहे असं काही त्यांना जाणवेना. घरी येऊन त्यांनी शालनला तसं सांगितलं. शालनबाई म्हणाल्या, "आवं, एवढं दिसलं, मग आनि काय दिसायचं राह्यलं?" प्रश्न बाळासोंना पटला. पण प्रश्न पटणं म्हणजे विश्वास बसणं नव्हे, हेही त्यांना कळत होतं.

शनिवारी ते बशीरभाईंच्या दुकानात गेले. दुकान बंद असल्यासारखंच होतं. बशीरभाई हत्यारं पुसून एका पेटीत ठेवत होते. बाळासो पेटीजवळ जाऊन बसले.

"उचल की गड्या," बशीरभाई म्हणाले. "तुझ्यासाठी तर ती नुसती हळदच हाय. भाजीत टाकतोस, कपाळाला लाव. तुजं जातंय काय?"

"म्हणूनच जमंना. त्यांच्यासाठी ती हळद न्हाई बशीर. मी चिमूट उचलली की समद्यास्नी वाटणार, ह्यो भिऊन खरं बोलतोय. आन् मी तर भीतच न्हाई."

"मी रोज पाच टाइम नमाज पडतो. माजंबी चित्त कवा कवा जाग्यावर नसतंय. मी उठून जातो का?"

"तुला कुठंतरी परत यायचं असतंय. मी कधी गेल्तोच न्हाई तिथं." बाळासोंनी पेटीतला हातोडा काढून पुन्हा भिंतीवर अडकवला. "आमच्या कामात इश्वासावर मानूस मरतंय बघ. लाईन बंद हाय म्हणून खालनं कुणी कितीबी सांगू दे, मी टेस्टर लावल्याबिगर कवा हात घातला न्हाई. चवतीस वर्षांची खोड हाय."

"आन् चौऱ्याण्णवला?"

"तवा इश्वास ठेवला हुता." बाळासो म्हणाले, "हेल्परवर."

बशीरभाई हसले. मग हसू ओसरल्यावर त्यांनी तोच हातोडा भिंतीवरून काढून पेटीत टाकला.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. कमिटीची पाच माणसं पुढं सतरंजीवर, बायका खांबांच्या पलीकडं. शालनबाई सगळ्यांच्या पुढं बसल्या होत्या आणि त्यांचं तोंड उतरलेलं होतं. अमृत गुरवानं ताट धरलं.

"काय ठरलं रं?" लालासाहेबांनी विचारलं.

बाळासो उभे राहिले. "आबा, आठ दिवस लय झटलो. शालनला इचारा. न्हाई आला. मशीन बंद हुतं हे मी पुन्यांदा सांगतो. पर उचलणार न्हाई. ज्यानं जे मानलं न्हाई त्यानं त्याची शपथ घेऊ ने."

"मग बशीरनं जागा—"

"थांबा जरा. तुमी पाचजण मानता का न्हाई?"

"हे काय इचारणं?"

"मग मानणाऱ्यांनी उचलावा. ज्यानं आकडा टाकला न्हाई त्यानं चिमूट घ्यावी. पाचजणांनी घेतली, तर माजं कायबी म्हणणं न्हाई. बशीरचं सामान मी सोता खांद्यावर घालून भाईर काढतो."

हे बोलताना बाळासोंच्या मनात कसलाही डाव नव्हता. जे मानतात त्यांनी शपथ घ्यावी, इतकंच त्यांना सरळ वाटलं होतं. अमृत गुरवालाही ते शास्त्राला धरून वाटलं. तो ताट घेऊन सतरंजीच्या डाव्या टोकाला गेला.

पहिले सोसायटीचे चेअरमन होते. त्यांनी ताटाकडं बघितलं आणि त्यांना सुतक असल्याचं आठवलं. चुलत्याच्या साडूचं. दुसऱ्याच्या घरी काल मटण झालं होतं. तिसरे डेअरीवाले. ते म्हणाले, गाडी यायची वेळ झाली, आणि खरोखर उठून गेले. चौथ्याच्या उजव्या हाताला प्लास्टर होतं. "डाव्यानं चालतं का?" त्यानं विचारलं. "न्हाई चालत," अमृत म्हणाला, आणि त्या माणसाचा चेहरा जो उजळला, तो बघून बायकांच्यात कोणीतरी पदर तोंडात कोंबला.

बाळासो बघत होते. आकडा कुठला, कधीचा, हे बोलताना त्यांच्याकडून सांगायचं राहून गेलं होतं, आणि ज्यानं त्यानं आपापला ऐकला होता. चौतीस वर्षं त्यांनीच ते आकडे काढले होते. कुणाची नजर आता कुठल्या खांबावर आहे, ते त्यांना तोंडपाठ होतं. ओढ्याकाठचा. मळ्यातला. चेअरमनच्या पोरीच्या लग्नातला मंडपामागचा.

ताट लालासाहेबांपुढं आलं.

लालासाहेबांना ना सुतक होतं, ना प्लास्टर. सकाळी पूजा करून, धुतलेलं धोतर नेसून ते आले होते. त्यांनी हात पुढं केला. भंडाऱ्याच्या चार बोटं वर हात थांबला. थांबला तो थांबलाच. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि गंध ओघळून भुवईत उतरलं. गाभाऱ्यातली समई तडतडली.

बाळासोंनी आयुष्यात पुष्कळ माणसं चालू तारेजवळ बघितली होती. त्या हाताला जे कळत होतं ते त्यांना लांबून ओळखू आलं. आकडा कुणाचा होता हेही त्यांना त्याच क्षणी समजलं. पण त्याहून दुसरंच काहीतरी त्यांना पहिल्यांदा दिसलं. या घटकेला, फक्त दोन मिनिटांसाठी, नास्तिक होता आलं असतं, तर लालासाहेब आनंदानं झाले असते. चिमूट उचलली असती, कपाळाला लावली असती आणि घरी जाऊन जेवले असते. पण ते त्यांच्या हातात नव्हतं. जसं आठ दिवस पाटावर बसून उलटं बाळासोंच्या हातात नव्हतं.

लालासाहेबांनी हात मागं घेतला. "यात्रा होऊ द्या आधी," ते खाली बघून म्हणाले. "मग बघू."

"मागणाऱ्यानंच उचलला न्हाई म्हंजे मागणं मिटलं," अमृत गुरव म्हणाला आणि ताट गाभाऱ्यात घेऊन गेला.

बशीरभाईंनी पेटी उघडून हत्यारं पुन्हा भिंतीवर लावली. पण लोक दुकानावरून जाताना नीट बघत नव्हते. मिटलं होतं, पण कुणी काही म्हटलं नव्हतं.

सोमवारी नवा डीपी आला. बुधवारी सकाळी लालासाहेब बाळासोंच्या दारात उभे होते. एरवी ते कुणाच्या दारात जात नसत. शालनबाईंनी चहा ठेवला. लालासाहेबांनी उसाची तोड विचारली, मुलीचं विचारलं, मग खुर्ची जवळ ओढून आवाज खाली आणला.

"बाळासो, एक इचारतो. हसायचं न्हाई."

"इचारा आबा."

"हे न मानायचं... तुमी कसं करता? म्हंजे सुरवात कुठनं करायची असती?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला.

"तीन दिस जेवण जाईना," लालासाहेब म्हणाले. "घास घेतला की ताट दिसतंय. ते ताट. तू बघ कसा निवांत हायस. मला थोडं शिकीव."

बाळासोंना त्यांची इतकी कीव आली की क्षणभर खरंच काही शिकवता येईल का, असा ते विचार करू लागले. मग म्हणाले, "आबा, तुमी मला आठ दिस दिलं. न्हाई जमलं. तुमाला आठ वरसं दिली तरी हे जमायचं न्हाई. तुमचा हाडात हाय."

"मग मी काय करू रं?"

"जे तुमच्या हातात हाय ते करा."

लालासाहेब बशीतला चहा हलवत राहिले. "देवाच्या लायटिंगसाठीच टाकला हुता. यात्रेच्या आधी बघावं म्हटलं, समदं पेटतंय का. घरासाठी टाकला असता तर गोष्ट येगळी. देवाला सगळं ठावं हाय."

"देवाला ठावं हाय आबा," बाळासो म्हणाले. "बशीरला न्हाई."

 लालासाहेबांनी चहा संपवला, टोपी काढली, पुन्हा घातली. "तू चल संगं," ते म्हणाले. "तू कुणाला भीत न्हाईस."

"भितो की. घरात हाय न्हवं."

"मग उठा चटशिरी," आतून शालनबाई म्हणाल्या, "न्हाईतर भावजी दुकान बंद करून जेवाय जातील."

बशीरभाई एका खिडकीच्या गजांना टाके मारत होते. दोघांना येताना बघून त्यांनी मशीन बंद केलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि लालासाहेबांसाठी स्टूल फडक्यानं पुसलं. लालासाहेब बसले. त्यांनी आधी उन्हाचा विषय काढला. मग कांड्यांचे भाव विचारले. मग बशीरभाईंच्या मुलीची, नूरीनची, बारावी कशी गेली ते विचारलं. आपलं काम झालं असं वाटून बाळासो हळूच उठायला लागले, तसा लालासाहेबांनी त्यांच्या सदऱ्याचा कोपरा घट्ट धरला आणि तो न सोडता, बशीरभाईंकडं न बघता म्हणाले,

"बशीर, त्या गुरवारी दुपारी काय झालं..."